पिवळा रंग कुणाचा?

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा त्याचा हात तिच्या डब्यात होता.

फ्रीझरच्या दारातून गार वाफ येत होती आणि त्या वाफेत एक उंच, किडकिडीत माणूस तिच्या निळ्या झाकणाच्या डब्यातल्या नळ्या चाळवत होता. हा माझा डबा आहे, असं तिनं सांगताच तो कानापर्यंत लाल झाला. माझाही निळाच आहे... चुकून, असं काहीतरी पुटपुटला. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर नुकताच रुजू झालेला संशोधक तो हाच. तिनं मनातल्या मनात त्याचं नाव 'बगळा' ठेवलं आणि त्याच्यावर पाळत ठेवायचं ठरवलं. त्याचे डोळे छान होते, हेही तिनं पाहून घेतलं. पण चोरांचे डोळे छान असू नयेत असा काही नियम नाही.

डब्यात तिचा जीव होता. शरीरातली प्रतिपिंडं एखाद्या रेणूला नुसती घट्ट धरून बसतात. तिला त्यांच्याकडून तो रेणू तोडून घ्यायचा होता. म्हणून रेणू तुटण्याच्या ऐन क्षणी जसा दिसतो, तशा आकाराचा एक साचा बनवून तिनं त्याला चिकटणारी प्रतिपिंडं निवडली होती. मग त्यांच्यात बारीकसारीक बदल करायचे, रेणू तुटला की द्रावण पिवळं होतं, तेव्हा जी ते लवकर पिवळं करतील ती ठेवायची, बाकीच्यांना निरोप द्यायचा, पुन्हा बदल, पुन्हा निवड... वर्षभर हेच चाललं होतं. आणि ताज्या फेरीत एक प्रतिपिंड असं झपाट्यानं पिवळं करू लागलं की प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी शुक्रवारच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर मांडायचं ठरवून टाकलं.

बगळ्याचं वागणं मात्र दिवसेंदिवस संशयास्पद होत गेलं. ती आत आली की त्याचा हात जागच्या जागी थांबायचा. पिपेट हवेत, नजर खाली. तिनं नळ्यांची झाकणं एका रेषेत लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी एक वाकडं दिसलं, आणि नळीतलं द्रावणही कमी झालेलं!

घरी मावशीला रोज हीच कहाणी. शेवटी मावशी कंटाळून म्हणाली, "चोर निघाला तर मॅडमना सांग. नाही निघाला तर घरी जेवायला आण. पण एकदाचा सोक्षमोक्ष लाव बाई, माझे कान किटले."

शुक्रवारी सकाळी ती लवकर आली. बगळा तिच्या टेबलापाशी होता आणि तिची नळी त्याच्या हातात होती.

"आता हेही चुकूनच का?" तिनं विचारलं.

"नाही... हे मुद्दाम." त्यानं नळी खाली ठेवली. "प्रथिनं शुद्ध करायचा कॉलम आपल्या दोघांत एकच आहे. माझं एन्झाइमही तोच रेणू तोडतं, तुमच्यापेक्षा कितीतरी वेगानं. कॉलममध्ये ते थेंबभर जरी राहिलं असेल, तर तुमचा पिवळा रंग..."

"तुमचा असणार," ती म्हणाली. "मग हे सांगायचं कधी होतं?"

"खात्री झाल्यावर. उगाच तुमचा जीव टांगणीला कशाला लावायचा..."

"म्हणून चोरून?"

"चुकलंच माझं. आणि खात्री झालीच नाही. साचा तुमच्या कुलपात, आणि तुमच्याकडे मागायची हिंमत होईना."

तिला एकदम आठवलं. साच्याची चाचणी ती प्रत्येक फेरीला करायची. या वेळी आनंदाच्या भरात ती राहूनच गेली होती. तिनं कुलूप काढलं. त्याला हात लावू न देता चाचणीच्या ताटलीतल्या दोन खाचा भरल्या, एकीत तिचं प्रतिपिंड, दुसरीत त्याचं एन्झाइम, आणि दोन्हींत तोडायचा रेणू नि साचा घातला. तिचं प्रतिपिंड खरंच काम करत असेल, तर साचा दिसताच ते सगळं सोडून त्यालाच धरून बसेल आणि रंग येणारच नाही. एन्झाइमला त्याचं सोयरसुतक नसेल, ते पिवळं करतच राहील.

दोघं वाकून बघत राहिले. त्याची खाच पिवळी होत गेली. तिची पाण्यासारखी नितळच राहिली.

रंग तिचाच होता. तिला रडू आलं, आणि तिच्याहून जास्त तोच खूश दिसत होता, हे तिनं ओल्या डोळ्यांनीही टिपलं.

"अजून एक शंका आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "मी आत आले की तुमचा हात का थांबतो?"

तो नितळ खाचेकडे बघत राहिला. "साचा समोर आल्यावर काय होतं, ते आत्ताच बघितलंत ना..."

तिच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. पण संशयी स्वभाव असा थोडाच जातो?

"एका चाचणीवर मी विश्वास ठेवत नाही," ती म्हणाली. "तीनदा करावी लागते. करा काम सुरू."

ती बाहेर गेली, आत आली. पिपेट हवेत थांबलं. पुन्हा बाहेर, पुन्हा आत... पुन्हा थांबलं. ती तिसऱ्यांदा बाहेर गेली, दार ओढून घेतलं, आणि दाराच्या मुठीवर ठेवलेला तिचा स्वतःचाच हात हलेना.

बऱ्याच वेळानं दार आतून उघडलं. "झाली का तिसरी?"

"झाली," ती म्हणाली. "पण ती माझ्यावर झाली."

तो हसला. मग तीच म्हणाली, "रविवारी मावशीनं जेवायला बोलावलंय... येशील?"