दाट रूप

कुमुद भोईरने मशीनमधून पडलेली गोळी नखाने मोडून पाहिली आणि स्फटिकदर्शकाखाली ठेवली. हे यंत्र आल्यापासून गोळीच्या पोटातली रेणूंची मांडणी पडद्यावर लख्ख दिसायची. अंबरनाथच्या या औषध कारखान्यात सव्वीस वर्षं नखावर भागलं होतं. आता नखाला कोण विचारतो.

पडद्यावर पुन्हा तेच आलं: रूप दुसरं. सलग एकोणिसावा दिवस. कुमुद स्टुलावर मटकन बसली. पार विटून गेली होती बाई.

चूक तिचीच, आणि तिने ती लपवलीही नव्हती. मे महिन्यात गोळ्या भुसभुशीत पडायला लागल्या, तेव्हा जुन्या ऑपरेटरांच्या शिरस्त्याप्रमाणे तिने दाबाचं चाक अर्धा फेरा आवळलं. मशीन निवू द्यायचं तर माल रखडला असता, म्हणून तेही टाळलं. दाब आणि उष्णता एकदम बसल्यावर स्फटिकांनी अंग चोरलं, रेणू दाटीवाटीने बसले. औषध तेच, वजन तेच; पण हे दाट रूप पोटात विरघळेना. फिट थांबवणारी गोळी नुसती खडा झाली. आणि हीच गोळी घेणाऱ्या कुमुदच्या लेकीला, हर्षालीला, चार वर्षं थांबलेली फिट कॉलेजच्या जिन्यात पुन्हा आली.

"मॅडम, दाब उतरवला, मशीन गार केलं. तरी हे का?"

स्फटिकतज्ज्ञ फरीदा मुकादम शेजारी टेकल्या. त्याही दमल्या होत्या. "कुमुदताई, दाट रूप जास्त स्थिर असतं. त्याचा एक कण विरजणासारखा पुरतो, नवा माल तसाच गोठतो. ती धूळ आता इथे सगळीकडे आहे."

"मग आपल्या सिन्नरच्या नव्या कारखान्यात?"

"तिथे पहिलंच रूप बनतंय. पण पोरं नवीन, मशीन नवीन, गोळी घट्ट बसत नाहीये, फुटते. साहेब म्हणतात, तुम्हीच जा."

कुमुदचा जीव भांड्यात पडला. लेकीचं औषध ती स्वतः पाडणार होती. ती तडक न्हाणीघरात गेली, तीनदा केस धुतले, कोरे कपडे घातले. फरीदांनी तिच्या केसांतून फिरवलेली फणी दर्शकाखाली धरली.

रूप दुसरं.

"अजून धुते की."

"एक कण राहिला तरी सिन्नरही गेलं, ताई. मग हे औषध कुठेच बनणार नाही."

बाहेर सिन्नरची गाडी येऊन थांबली होती. घरी हर्षालीच्या डबीत चांगल्या गोळ्या आठच उरल्या होत्या. कुमुद ओले केस पिळत दारात उभी राहिली. तिने गाडीत बसावं की नाही, हे आता कोणाला विचारायचं?