फक्त रविवारी उतरणारा काटा

डॉर्कस लम्ब आली ती कोट न काढताच बसली.

"एनिडबाई, घर गरम ठेवणाऱ्या माझ्या बॉयलरला तिघांनी तीन रोग सांगितलेत. दुपारी नवा बॉयलर विकणारा क्रेव्हन येतोय सही घ्यायला. सही झाली की जुना बॉयलर भंगारात, आणि तीस वर्षं तो सांभाळणाऱ्या सगडनचं नाव मातीत. खरं कोण बोलतंय ते तेवढं सांगा."

एनिड थॅकरेने विणकाम बाजूला ठेवलं. पळालेले नवरे आणि दडवलेली मृत्युपत्रं शोधून देण्यात टॉडमॉर्डन गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बॉयलर मात्र पहिल्यांदाच आला होता. तिच्या धाकट्या दिराला, विल्फला, हसू आलं.

"वहिनी, यात गुन्हा कुठला?"

"तुम्ही बिस्किटं खा, भावजी. डॉर्कस, होतंय काय?"

"पाण्याचा दाब उतरतो. काटा शून्यावर, बॉयलर बंद, घर गार. क्रेव्हन म्हणतो, आतून तडा गेलाय, नवा घ्या. पिकल्स म्हणतो, बॉयलरच नको, परसात हवेतली ऊब ओढणारा पंप लावा. मेल्याने बॉयलरकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही! सगडन म्हणतो, बॉयलर ठणठणीत आहे, जमिनीखालचा नळ गळतोय, वरच्या लाकडी फळ्या उचलू."

"उतरतो कधी?"

"महिना झाला, दर रविवारी. कालही उतरला. चॅपलात मी गाते, सगडन ऑर्गन वाजवतो. परत येते तर काटा खाली. सोमवारी सगडन पाणी भरून देतो, की शनिवारपर्यंत हलत नाही. बॉयलरचं गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत फिरतं, त्यांतली हवा काढायची पितळी चावीही हरवलीय, नाहीतर मीच खटपट केली असती."

दुपारी तिघं लम्बच्या घरी पोचली. परसदारातून आत शिरताना एनिड भाजीच्या वाफ्यापाशी क्षणभर वाकली. विल्फला वाटलं, बूट पुसतेय.

स्वयंपाकघरात डॉर्कसचा नवरा अर्नेस्ट जाकीट घालून लीकची, त्या जाड कांदापातीसारख्या भाजीची, जुडी निवडत होता. सगडन कोपऱ्यात हत्यारांच्या पिशवीशी उभा. टेबलाशी क्रेव्हन, समोर कागद.

"तडा पाहिलात?" एनिडने क्रेव्हनला विचारलं.

"तो दिसत नसतो, बाई. आत असतो."

"तुम्हाला बोलावलं कुणी?"

"लम्बसाहेबांनी. पिकल्सलाही त्यांनीच."

"आणि सगडन, फळ्यांखाली ओल सापडेल?"

"सापडायला हवी." सगडनने डोकं खाजवलं. "खरं सांगू? मलाही कोडंच आहे."

डॉर्कसने त्याच्यासमोर आल्याच्या केकचा जाड तुकडा ठेवला, चहात न विचारता दोन चमचे साखर घातली आणि मग ती क्रेव्हनला बॉयलर दाखवायला घेऊन गेली.

"मला साखर किती लागते ते विचारा तिला," अर्नेस्ट पुटपुटला.

विल्फने वहिनीच्या कानाशी तोंड नेलं. "सगडनच! बिघाड करायचा, दर सोमवारी केक खायचा."

"रविवारी हात ऑर्गनवर ठेवून?"

विल्फ ओशाळला. उगाच मोरीतलं पातेलं उचलून पाहू लागला. कडेला शाईसारखं काळं वर्तुळ होतं.

"लीकची माती," अर्नेस्ट चटकन म्हणाला.

एनिड जिना चढून गेली आणि वरून ओरडली, "मागच्या खोलीतला रेडिएटर वरच्या बाजूला गार आहे, आत हवा अडकलीय. हवा कोण काढतंय?"

सगडन पिशवीकडे वळला, पण अर्नेस्ट त्याच्या आधी उठला. "माझ्या घरातली हवा मी काढीन!" त्याने जाकिटाच्या खिशातून पितळी चावी काढली आणि दाणदाण जिना चढला.

थोड्या वेळाने एनिडने सगळ्यांना टेबलाशी बसवलं.

"क्रेव्हनसाहेब, तडा असता तर बुधवारीही गळला असता. सगडन, फुटका नळसुद्धा वार पाहत नाही. वार पाहतो तो माणूस. रविवारी डॉर्कस चॅपलात, सगडन चॅपलात. घरी कोण?"

सगळ्यांच्या नजरा अर्नेस्टकडे वळल्या.

"हवा काढायचा स्क्रू उघडाच ठेवला की मागून पाणी येतं. जुन्या रेडिएटरचं पाणी काळं शाईसारखं असतं. भावजींनी ते या पातेल्यात पाहिलं आणि माती मानलं. वाफ्यातली माती मी पाहिली, ती तांबूस आहे. आणि महिनाभर हरवलेली चावी आत्ता निघाली ती अर्नेस्टच्या खिशातून. सगडनला पुढे जाऊ द्यायचं नाही या घाईत भान राहिलं नाही."

अर्नेस्टचा चेहरा पडला. "नवा बॉयलर आला असता तर याचं येणं थांबलं असतं. हा आला की ती गुणगुणते. तीस वर्षं ऐकतोय मी."

"आणि त्याला घालवायच्या नादात दर सोमवारी तूच त्याला घरी आणलंस," एनिड म्हणाली.

क्रेव्हनने कागद घडी करून खिशात घातला आणि निघाला. सगडन लालबुंद होऊन पिशवी उचलू लागला.

"बस, सगडन," डॉर्कस म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "अर्नेस्ट, तू उगाच जळलास असं मी म्हणणार नाही. मला याचं येणं आवडतं. हा विचारतो, थंडीत खोकला कसा आहे. तू शेजारी निजतोस, रात्रभर ऐकतोस, पण विचारत नाहीस."

विल्फ खिडकीबाहेर पाहू लागला.

"बॉयलर राहील. हाही येईल. जळायचंच असेल तर इथे टेबलाशी बसून, आमच्या तोंडासमोर जळ."

अर्नेस्टने खुर्ची ओढली. डॉर्कसच्या जवळ सरकला.

"आज कसा आहे खोकला?"

"उशीर केलास," डॉर्कस म्हणाली. "पण सांगते."