ओठांनी मारलेली हाक

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढे सरका. मला कोणाची मनधरणी करायची नाही. माझं नाव तौहीद. भिवंडीत माझा चोवीस लूमचा कारखाना आहे. हे ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या भावाबरोबर झालंय आणि माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

तारीख पाहिजे ना? २०२३ चा मे महिना, दुसरा शुक्रवार. वेळ दुपारी साडेतीनची. जागा दिघाशीच्या मागचा डोंगर.

हो, भरदुपारी. डोक्यावर ऊन असताना.

शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद असतात. आदल्या दिवशी माझा धाकटा भाऊ जिब्रान ड्युटीवर चक्क झोपला. दोन लूमवरचं कापड वाया गेलं. माझं डोकंच सटकलं. सगळ्या कारीगरांसमोर मी त्याच्या कानाखाली वाजवली.

चोवीस वर्षांचा पोरगा. गालावर हात ठेवून नुसता उभा राहिला.

घरी अम्मी मला म्हणाली, "रागावलास ते ठीक. पण चार माणसांत हात उचललास?"

मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? म्हणून शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मीच म्हटलं, "चल जिब्रान, डोहात डुंबून येऊ."

लगेच त्याचा चेहरा फुलला. येडा! पोहायचं म्हटलं की हा सगळं विसरायचा.

बरोबर प्रितम होता. माझा शाळेपासूनचा दोस्त, दिघाशीचा आगरी. डोह त्याच्याच गावचा. गाडी गावात लावायची, मग सुकलेल्या ओहळातून अर्धा तास वर चालायचं. मे महिन्यात ओहळात थेंब नसतो, पण दोन काळ्या कातळांच्या मध्ये हा डोह भरलेला असतो. पाणी एवढं स्वच्छ की तळाचे दगड दिसतात. आणि थंड... कळ येते हाडांत.

कपडे काढताना प्रितम म्हणाला, "एक गोष्ट ध्यानात ठेवा. पान्यात उतरल्यावर कोनाचा नाव घ्याचा न्हाय. हाक मारायची न्हाय. बोलवायचा असंल तर दोन दगड आपटायचे. आमच्या गावात ल्हान पोराला पन ठाव हाय."

"आणि घेतलं नाव तर?"

"मंग त्याला दुसरा कोन तरी हाक मारतो. तुझ्याच तोंडानं."

मी हसलो. प्रितम हसला नाही.

आता लूमवाल्यांची एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कारखान्यात चोवीस लूम खडखडत असतात तेव्हा कान काही कामाचे नसतात. ओरडून घसा फाटेल, पण समोरच्याला कळणार नाही. म्हणून आम्ही आवाज काढतच नाही. नुसते ओठ हलवतो. समोरचा ओठ वाचतो. दहा लूम पलीकडून वाचतो, बाजूनेसुद्धा वाचतो. जिब्रान तर चौदाव्या वर्षापासून कारखान्यात होता. त्याचे कान तसेही मंद झाले होते. घरातही तो माझ्या तोंडाकडे बघूनच बोलायचा.

मी प्रितमला म्हटलं, "टेन्शन नको घेऊ. आम्ही तोंडातून आवाजच काढणार नाही."

किती शहाणा मी!

आम्ही तिघं उतरलो. तासभर मस्त पोहलो. जिब्रान कातळावरून उड्या मारत होता. कालची थप्पड विसरला होता. मी पण विसरलो होतो.

मग मी बाहेर येऊन काठावर बसलो. जिब्रान डोहाच्या मधोमध होता. त्याने माझ्याकडे बघितलं.

आणि मला मस्करी सुचली.

मी आवाज न काढता ओठ हलवले. "जिब्रान... तुझ्या मागे कोण आहे?"

तो गर्रकन वळला. मागे कोणी नाही. परत माझ्याकडे बघितलं.

मी परत ओठ हलवले. "जिब्रान... खाली बघ. पाय धरतोय तुझा."

त्याचा चेहरा असा काही उतरला की मी पोट धरून हसलो. प्रितमने विचारलं, काय झालं? त्याला काय कळणार, त्याला ओठ वाचता येत नाहीत. मी म्हटलं, काही नाही, भावाची फिरकी घेतोय.

तेवढ्यात एक गोष्ट झाली...

झाडांवर दुपारभर किडे किरकिरत होते. ते थांबले.

सगळे एकदम.

मी लक्ष दिलं नाही. भूक लागली होती. जिब्रान काठाला येऊन पाण्यात पाय सोडून बसला. मी आणि प्रितम वरच्या सपाट कातळावर गेलो, डबे तिथे ठेवले होते. फार लांब नाही, तीसेक पावलं. तिथून जिब्रान एका बाजूने दिसत होता.

मी डबा उघडता उघडता सहज खाली बघितलं.

जिब्रान डोहाच्या मध्याकडे बघत होता. आणि त्याचे ओठ हलत होते.

मी वाचलं... "काय झालं भाई?"

मला वाटलं गाणं वगैरे म्हणत असेल. मी पोळी तोडली.

परत बघितलं. तो मान हलवत होता. कोणीतरी बोलतंय आणि हा ऐकतोय, तशी.

मग त्याचे ओठ परत हलले... "थांब. आलो भाई."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

भाई मी आहे. मी इथे वर आहे.

मी पाण्याकडे बघितलं. पाणी रिकामं होतं. साधी लाटसुद्धा नव्हती.

जिब्रान पाण्यात उतरला. आणि आवाज आला नाही. माणूस पाण्यात उतरतो तर डुबुक तरी होतं ना? काही नाही. तो हात मारत मध्याकडे चालला होता, आणि पाण्याचा आवाजच येत नव्हता.

मी ओरडलो, "जिब्रान! जिब्रान!"

त्याला ऐकू गेलं नाही. ज्या कानांनी ऐकायचं ते मीच त्याला दहा वर्षं लूमवर उभं करून मारले होते. त्याने वळून माझं तोंड बघायला हवं होतं. पण तो समोर बघत होता. कोणाच्या तरी तोंडाकडे.

प्रितम दगडावर दगड आपटत सुटला. मी खाली धावलो. कातळावरून पाय सटकला, गुडघा फुटला. काठावर पोचलो तेव्हा जिब्रान दिसत नव्हता.

मी उडी मारली. पाण्यात डोळे उघडले.

तो समोर होता. पृष्ठभागाच्या तीन हात खाली. उभा. वर यायला हात मारत होता, पण एक पाय खाली ताणलेला. कशात अडकलेला नव्हता, मी नीट बघितलं. वेल नाही, दगड नाही. पायाखाली नुसतं स्वच्छ पाणी.

तो माझ्याकडे बघत नव्हता. खाली बघत होता. आपल्या पायाशी. आणि त्याचे ओठ हलत होते. पाण्याखाली!

मी वाचलं. अल्लाशपथ सांगतो, शब्दन् शब्द वाचला.

"भाई, पाय सोड... भाई, परत नाही झोपणार... भाई..."

मी त्याचे केस धरले आणि खेचलं. तो येईना. परत खेचलं. प्रितम उडी मारून आला, त्याने काखेत हात घातला. आणि एकदम तो मोकळा सुटला.

त्याला खाली गावात गाडीपर्यंत कसं आणलं आठवत नाही. शहरातल्या दवाखान्यात दोन दिवस त्याने डोळे उघडले नाहीत. अम्मी तसबीहची माळ घेऊन बसून होती. मी बाहेरच्या बाकावर. आयुष्यात एवढी दुआ मी कधी मागितली नव्हती. माझा भाऊ मला परत दे, एवढंच.

दिला. रविवारी संध्याकाळी त्याने डोळे उघडले.

मी धावत आत गेलो. मला बघितलं आणि... त्याने पाय पोटाशी ओढून घेतले. पलंगाच्या कोपऱ्यात सरकला. "अम्मी, ह्याला बाहेर काढ. ह्याने धरलं होतं मला."

"अरे मूर्खा, मी वाचवलं तुला!"

"तू खाली होतास. हसत होतास."

अम्मीने चादर सरकवली. त्याच्या उजव्या घोट्यावर काळानिळा वळ होता. बोटांचा. अंगठा, मग एक बोट... मग अर्धं... मग दोन.

माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे. पाच वर्षांपूर्वी लूमच्या धोट्याने गेलं.

मी त्याचा पाय धरलाच नव्हता! केस धरले होते, केस! प्रितमने शपथेवर सांगितलं. पण अम्मीने आधी वळ बघितला, मग माझा हात बघितला, आणि हळूच चादर ओढून घेतली. गुरुवारी चार माणसांत मारलेलं ती विसरली नव्हती.

त्याच महिन्यात अम्मी आणि जिब्रान घर सोडून राहनाळला गेले. जिब्रान तिथे एका गोडाऊनमध्ये कामाला लागला. लूमचं तोंड परत बघितलं नाही. माझंही नाही. ईदला गेलो तर दार उघडलं नाही. अम्मी खिडकीतून म्हणायची, "तो घाबरतो रे. जा तू."

दोन वर्षं! सख्खा भाऊ सहा किलोमीटरवर, आणि मी त्याचा आवाज ऐकला नव्हता.

आता ह्या आठवड्याचं सांगतो.

मंगळवारी मी ठरवलं, आज काहीही होवो, पाय धरायचे. मस्करी केली, चारचौघांत मारलं, चुकलो म्हणायचं. कधी कोणाला म्हटलं नव्हतं. संध्याकाळी राहनाळला गेलो.

अम्मीने दार उघडलं. आणि हसली.

"आलास? ये, आज तरी चहा घे. रविवारी तसाच गेलास."

मी म्हटलं, "रविवारी?"

आतून जिब्रान आला. सरळ माझ्याजवळ आला. गळ्यात पडला. दोन वर्षांनी माझा भाऊ माझ्या गळ्यात पडला, आणि माझे हात वर येत नव्हते.

"भाई, मी विचार केला. तू बरोबर बोललास. जिथे वाईट झालं तिथेच जाऊन मिटवू. शुक्रवारी येतो मी."

"कुठे?"

"डोहावर. विसरलास? तूच तर म्हणालास."

"मी काय म्हणालो? नीट सांग."

तो हसला. "आवाज कुठे काढलास? नुसते ओठ हलवत होतास. मला वाटलं लाजतोयस. माफी मागितलीस, भाई. रडलास. मी कधी तुला रडताना बघितलं नव्हतं."

अम्मी डोळे पुसत होती. "अल्लाचे उपकार. मरायच्या आधी माझी दोन्ही पोरं एक झाली."

रविवारी मी दिवसभर कारखान्यात होतो. मोटर जळली होती. सात माणसं साक्षीला आहेत.

तेव्हा मी काय करायला हवं होतं? शांतपणे बसायला हवं होतं. माफी मागायला आलो होतो, ती मागायला हवी होती. पण मी मीच ना! त्याची कॉलर धरली आणि गदागदा हलवून ओरडलो, "तो मी नव्हतो! अक्कल आहे का तुला? मी कशाला माफी मागेन? मी आलोच नव्हतो!"

जिब्रानचा चेहरा पांढरा पडला.

त्याने एकेक करून माझी बोटं कॉलरवरून सोडवली. मागे सरकला. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग अम्मीला हळूच म्हणाला, "अम्मी, आत जा. हा तो आहे... पाण्यातला."

"जिब्रान, मी तौहीद आहे!"

"माझा भाई रविवारी आला होता," तो म्हणाला, आणि दार लावलं.

कालपासून फोन उचलत नाहीत. अम्मीचा एक निरोप आला, शेजारच्या पोराच्या मोबाईलवरून. "जो कोण असशील, माझ्या मुलांच्या वाटेला जाऊ नकोस." माझ्या सख्ख्या आईचा निरोप. वाचून मी कारखान्यात सगळ्यांसमोर रडलो.

आज गुरुवार आहे. प्रितम म्हणतो, आपण उद्या सकाळपासून डोहावर जाऊन बसू, जिब्रान आला की उचलून आणू. जाणार आहे मी. दुसरं काय करणार?

पण एक मला कळत नाही, तुम्हीच सांगा. उद्या जिब्रान तिथे येईल. काठावर मी असेन, कॉलर धरून ओरडणारा. आणि पाण्यात एक असेल, ज्याने रडून माफी मागितली.

भाऊ म्हणून तो कोणाकडे जाईल?