चार हजार एकशे सतराची फेरमुलाखत

लिपिकाचे वडील मार्चमध्ये वारले. दुसऱ्या दिवशी लिपिक वेळेवर कामावर हजर होता, तेव्हा आपणही काही झालंच नाही असं धरून चालू.

काम सोपं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी या संस्थेने हजारो माणसांना बंद खोलीत बसवून प्रेमाबद्दल आणि शरीराबद्दल, कुणालाही न सांगितलेलं, विचारून घेतलं होतं. एका माणसाचं एक कार्ड. नाव नाही, नुसत्या पेन्सिलीच्या खुणा. कोपऱ्यात शून्य ते सहा यांपैकी एक आकडा. शून्याला ओढ फक्त दुसऱ्या लिंगाची, सहाला फक्त आपल्याच, तीनला दोन्हीकडे सारखीच. खुणांचे अर्थ लिहून ठेवायचे नाहीत, पाठ करायचे, हा नियम. आता ते दोघांनाच पाठ होते: निवृत्त मुलाखतकार बाईंना आणि त्यांनी तयार केलेल्या या लिपिकाला. कार्डं संगणकावर चढवणारा लिपिक स्वतः तीन होता. बाईंना माहीत होतं. घरी नव्हतं.

प्रश्न कसा विचारायचा तेही बाईंनी शिकवलं होतं. "‘सांगितलंत का’ म्हणायचं नाही रे. माणूस ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. ‘कधी सांगितलंत’ म्हणायचं."

कार्ड ४११७. पुरुष, घड्याळं दुरुस्त करतो, डाव्या हाताला चारच बोटं. एक मुलगा, वय एक दिवस. तारीख लिपिकाच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशीची. कोपऱ्यात तीन.

लिपिकाने चष्मा पुसला. आकडा तीनच राहिला.

म्हणजे इतकी वर्षं बाप आणि मुलगा, दोन ‘तीन’, एका टेबलावर जेवले, आणि बोलले ते पंख्याच्या आवाजाबद्दल.

‘कधी सांगितलं, कुणाला’ या शेवटच्या रकान्यात फुली होती. कुणालाच नाही. सोमवारी फुली खोडलेली दिसली. मंगळवारी तिथे त्रिकोण होता. त्रिकोण म्हणजे मुलगा.

त्याने बाईंना फोन लावला. "बाई, तुम्ही इकडे आला होतात?"

"गुडघे बदलल्यापासून मी बाल्कनीपर्यंत जाते, तेही कुणी धरलं तर. का रे?"

"त्रिकोणाशेजारी टिंब म्हणजे काय?" त्याला पाठ होतं. तरी विचारलं.

"विचारलं, पण उत्तर आलं नाही. टिंब कधीचं आहे?"

"आत्ताचं. आपण बोलत असताना आलं."

कार्डाला घड्याळाच्या तेलाचा वास होता.

मग त्याला आठवलं. गेल्या वर्षी जेवताना वडिलांनी विचारलं होतं, "कधी सांगणार आहेस?"

"बढतीचं? कळलं की सांगतो."

वडील हसले होते. मग पंख्याकडे बघत बसले होते.

त्या दिवसापासून दाराच्या खरबरीत काचेपलीकडे कुणीतरी उभं असे.

दार उघडलं की कुणी नसे. लावलं की असे.

अकराव्या दिवशी काचेवर डावा हात टेकला. लिपिकाने बोटं मोजली.

मग छापील फॉर्म घेऊन नीट अक्षरात लिहिलं: "कार्ड क्र. ४११७ ची फेरमुलाखत घेण्यास परवानगी मिळावी. मुलाखत दार लावून घेण्यात येईल. पहिलं उत्तर मुलाखत घेणारा देईल. सदर उत्तरदाता अकरा दिवसांपासून दाराबाहेर उभा असून त्याचं वय झालं आहे, तरी निर्णय होईपर्यंत त्याला बसण्यासाठी एक खुर्ची मंजूर करावी, ही नम्र विनंती."