शिट्टीआधी सांगायचं

आमची पहिली भेट झाली तेव्हा वसतिगृहातली सगळी माणसं बाहेर हिरवळीवर, झिमझिम पावसात, पांघरुणं लपेटून उभी होती आणि आत फक्त आम्ही दोघं होतो. मी आणि तो. म्हणजे, आणि कुकर.

एका सत्रासाठी परदेशी शिकायला निघाले तेव्हा आईने बॅगेत कुकर घातला होता. मी नको म्हटलं, म्हणून तिने तो माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून घातला. पहिल्याच आठवड्यात मी मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात भात लावला. पहिली शिट्टी झाली आणि खोल्यांची दारं उघडली. दुसरीला जिन्यावर धावपळ सुरू झाली. इथे कुणी कुकर पाहिलेलाच नव्हता. त्यांना वाटलं, आगीचा भोंगा. मी खिडकीतून हात हलवून सांगत होते की भात आहे, नुसता भात. त्यांना वाटलं, मी मदत मागतेय. मग मी मराठीत आईच्या नावाने पुटपुटायला लागले.

"अजून एक होऊ दे," मागून आवाज आला. मराठीत.

टेबलाशी एक लांबुडका मुलगा सफरचंद खात बसला होता. केस ओले, मोजा एकाच पायात.

"तू नाही पळालास?"

"मला भूक लागलीय," तो म्हणाला. तिसरी शिट्टी झाली तसा उठला, गॅस बंद केला आणि दोन ताटल्या काढल्या. मी त्याला जेवायला बोलावलेलं नव्हतं. हे त्याच्या लक्षात आल्याचं काही दिसलं नाही.

नंतर कळलं, तो आगीपासून बचाव कसा करायचा याचंच शिक्षण घेत होता. अख्ख्या इमारतीत न पळालेला तेवढा एकच. त्या दिवसापासून मजल्यावर त्याचं नाव अग्निशामक पडलं आणि माझं अलार्म. मी मातीचा अभ्यास करायला आले होते. माती घरीही होती, असं बाबांचं म्हणणं.

वसतिगृहाच्या देखरेखीला ज्या बाई होत्या, त्यांना आम्ही आपसात काकू म्हणायचो. काकूंनी नियम केला की शिट्टी होण्याआधी मजल्यावरच्या प्रत्येक दारावर टकटक करून सांगायचं. हे काम त्याने स्वतःहून घेतलं. रोज संध्याकाळी मी कुकर चढवायचे आणि तो लांब कॉरिडॉरमधून सांगत जायचा, "आता वाजेल. घाबरू नका." त्याचा आवाज लांब जायचा, मग जवळ यायचा. काचेवर वाफ धरलेली असायची, बाहेर पावसात दिवे पिवळे पिवळे पसरलेले... आणि मी भाताकडे बघत त्याचा आवाज किती लांब आहे ते ऐकत उभी असायचे. शेवटचं दार माझ्याच खोलीचं होतं. मी आत नाही हे माहीत असून तो तिथेही टकटक करायचा.

"अरे, मी इथे आहे."

"नियम आहे," तो म्हणायचा, आणि माझ्याकडे न बघता हसायचा. मला ते न बघणं फार आवडायचं.

सत्र संपलं आणि माझा वाढदिवस नेमका निघायच्या दिवशी आला. माणसं एकेक करून गेली. मजला रिकामा झाला. मी संध्याकाळच्या बसने विमानतळावर जाणार होते. तो अजून वर्षभर इथेच. आणि आमच्यात नक्की काय आहे, हे आम्ही एकमेकांना एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं ना.

बॅगेत टाचणीही मावणार नाही, तेव्हा भेटबिट आणू नकोस, असं मी त्याला बजावलं होतं. त्याने ऐकलं. मला राग आला.

दुपारी स्वयंपाकघरात गेले तर कुकर गॅसवर. इथला ओव्हन बिघडलेला होता, म्हणून तो कुकरमध्ये केक करत होता... पाणी न घालता, शिट्टी काढून. शिट्टी त्याने शर्टाच्या खिशात टाकली आणि कॉरिडॉरमध्ये निघाला. टकटक.

"कुणी नाहीये रे तिथे," मी मागोमाग जात म्हटलं. "आणि केकला शिट्टी नसते."

"माहितेय."

"मग दारांना काय सांगतोयस?"

"सराव करतोय."

"कशाचा?"

तो माझ्या खोलीच्या दारापाशी थांबला. टकटक केली. बराच वेळ त्या बंद दाराकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "केक जळेल," आणि परत गेला.

केक खालून जळलाच. मेणबत्ती तो लावू देईना. आगीचा विद्यार्थी पडला ना. शेवटी त्याने मोबाईलचा टॉर्च केकवर धरला, मी फुंकर मारली, त्याने टॉर्च बंद केला. जरा उशिरा. मला दोनदा फुंकावं लागलं. काकू किल्ली घ्यायला आल्या, दोन तुकडे खाऊन गेल्या.

कुकर मी धुतला, पुसला, स्वेटरमध्ये गुंडाळला. त्याच्या खिशाचा फुगवटा मला दिसत होता. मी बॅगेची चेन ओढली.

बसथांब्यावर भुरभुर पाऊस होता. बॅग त्याच्या हातात, छत्री माझ्या हातात, आणि त्याची उंची अशी की दोघंही भिजत होतो.

"अलार्म... माझ्याकडून एक चूक झालीय."

"शिट्टी ना?"

त्याने खिशावर हात ठेवला. "तुला माहीत होतं?"

"कुकर मी धुतला."

"मग मागितली का नाहीस?"

"तू का नाही दिलीस?"

"तुझ्या बॅगेत जागा नाही म्हणून."

"तेवढी होती," मी म्हटलं.

बस आली. त्याने बॅग चढवून दिली. मी चढताना सांगितलं की आईने विचारलं तर शिट्टी एकाकडे राहिलीय, तो आणून देणार आहे, असं सांगेन. मग दार मिटलं. मी खिडकीशी बसले तोच काचेवर टकटक झाली.

मी वरची झडप सरकवली. तो बाहेर टाचा उंचावून उभा होता. खरं तर त्याला त्याची गरज नव्हती.

"आवडतेस तू मला," तो म्हणाला. "आधी सांगायचं असतं... नियम आहे."

बस हलली. आणि मी "मला पण" असं एवढ्या मोठ्याने ओरडले की ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि सगळी दारं उघडली. काय झालं कुणालाच कळलं नाही. सामान सोडून माणसं भराभरा खाली उतरली.

तो आत चढला. बाहेर पावसात बसमधली सगळी माणसं उभी होती, आत आम्ही दोघंच होतो.

"त्यांना सांग ना," मी म्हटलं, "घाबरू नका म्हणून."

"सांगतो," तो म्हणाला, आणि माझ्या शेजारी बसला.