काकांच्या वहीतले शेरे

दहावीला दोनदा आपटले आणि शाळा सोडली. आई म्हणाली, घरात आदळआपट करतेस, त्यापेक्षा नरहर काकांकडे लिहायला जा. पंच्याण्णवचा मे होता. काका आमच्याच लष्करी छावणीत, दोन घरं सोडून राहायचे. फौजेत चिनी भाषेचे दुभाषे होते. आता डोळे जवळपास गेलेले. भिंग लावून एका जुन्या चिनी कादंबरीचं एकेक वाक्य वाचायचे, मराठीत सांगायचे, मी लिहायचे. कूलरच्या घरघरीत ऐकू यायचं नाही, मग मी चिडायचे.

"ज्याने लिहिली त्याचं काय झालं?"

"मोठं घराणं. सरकारने सगळं जप्त केलं. हा पेज पिऊन लिहीत बसला. मग मुलगा वारला, त्यामागे हाही. पुस्तक अर्धंच."

"छापलं कुणी?"

"आधी लोक हाताने उतरवून घ्यायचे. घरातलंच कुणीतरी कडेला लाल शाईने शेरे लिहायचं. इथे मी रडलो, असे."

काकांचा मुलगा धैर्यशील, कॅप्टन, दोन वर्षांपूर्वी गेला. त्याला ही कादंबरी मराठीत हवी होती.

वही मी घरी न्यायचे. दुसऱ्या दिवशी आधी कालचं वाचून दाखवायचं, मग पुढचं. जूनमध्ये एकदा समासात लाल अक्षरं दिसली. 'तापात आईही असंच कपाळ पुसायची.' मी भावाला एक ठेवून दिली.

"मैंने छुआ भी नहीं, दीदी," तो रडला. तो हिंदी शाळेतला, त्याला मराठी धड लिहिताही येत नाही.

काकांना वाचून दाखवलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"अक्षर डावीकडे झुकलंय?"

"हो."

"धैर्यशीलचंच."

मग रोज एक शेरा यायला लागला. काका दाढी करायला लागले, दोन पोळ्या खायला लागले.

ऑगस्टमध्ये पुस्तक संपलं. मधेच, वाक्य अर्धं तोडून.

"लिहिणाऱ्याचं संपलं," काका म्हणाले. "आपण थांबायचं नाही." आणि मनाने पुढचं सांगायला लागले.

चार दिवस समास कोरा. काकांनी जेवण टाकलं.

पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "आला का गं?"

समास कोराच होता. मला बघवेना.

"आलाय. लिहिलंय, बाबा, पुढे सांगा."

काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तो मला अण्णा म्हणायचा," ते म्हणाले. "जा घरी."

घरी आले, वही उघडली. मी फक्त तोंडाने बोलले होते. समासात लाल शाईत तेच होतं, बाबा, पुढे सांगा. वर काट मारलेली. खाली, 'माणिक, माझ्या नावाने बोलू नकोस. अण्णांना सांग, आता बास.'

सकाळी गेले. काका भिंग हातात घेऊन बसलेले, ताट तसंच.

"आज?"

मी शेऱ्यावर अंगठा दाबून धरला.

"कोरं आहे, काका. पुढे सांगा."

ते सांगायला लागले. अंगठ्याखाली शाई अजून ओली होती.