पडताळणी

भार्गवीच्या टेबलावर तीन ट्रे होते. साहेबांकडे जायचं, साहेबांकडून आलेलं आणि वाट बघणारं. "तिसऱ्या ट्रेच्या महाराणी तुमी," असं क्रांती तिला चिडवायची. क्रांती महिला बराकीवरची शिपाई. साताऱ्याहून मेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या त्या लहानशा कारागृहात बायकांची एकच बराक होती, आणि तीत चौदा जणी.

अधीक्षकांची स्वीय सहायक म्हणून भार्गवीला अकरा वर्षं झाली होती. अधीक्षक बदलत, ती राहत असे. कैद्याच्या घरून आई अत्यवस्थ, बाप गेला असा निरोप आला, की तातडीच्या रजेचा अर्ज आधी तिच्याकडे येई. मग ती गावच्या पोलीस पाटलाला गाठून तीन प्रश्न विचारी. तुम्ही स्वतः पाहिलंत का? माणूस शुद्धीवर आहे का? डॉक्टरांचा कागद आहे का? खोट्या मरणांना तोटा नव्हता. एका कैद्याची आजी तिच्याच कारकिर्दीत तीनदा वारली होती.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा चाळीसला, तिला चंद्राबाईंचा फोन आला. तिचे वडील, तात्या, इस्लामपूरजवळच्या गावी एकटे राहत. चंद्राबाई त्यांच्या शेजारी.

"पोरी, तात्यांचं काय खरं न्हाई. निघ लगोलग."

आत साहेबांकडे वरिष्ठांची तपासणी चालली होती. भार्गवीच्या हातात फाइल होती, आणि तोंडून सवयीनं निघालं, "तुम्ही स्वतः पाहिलंत का? शुद्धीवर आहेत का?"

उत्तराची वाट न बघता तिनं फाइल काखेत मारली.

"डॉक्टर काय म्हणतात ते कळवा, मग निघते," असं सांगून तिनं फोन ठेवला.

तात्या एक वाजता गेले.

दिवसकार्यात चंद्राबाई एवढंच म्हणाल्या, की जायच्या आधी तात्यांनी चहा करायला लावला होता. भार्गवी येणार असली की तात्या तिच्या वाटणीचा कप बशीनं झाकून ठेवत. म्हणजे ती निघालीच आहे असं त्यांनी धरलं होतं? की ती काय म्हणाली ते त्यांच्या कानावर गेलं होतं? विचारायचं धाडस तिला झालं नाही. घराला कुलूप लावून ती साताऱ्याला परतली आणि तो प्रश्न तिच्याबरोबर आला.

डिसेंबरात एका सकाळी क्रांती चहाचा पेला घेऊन टेबलापाशी उभी राहिली.

"मॅडम, हसू नका. आज गिनतीला पंधरा भरल्या."

"आणि मग?"

"परत मोजल्या. चौदा."

"झोप झाली नसेल तुझी."

"माझ्या नवऱ्याच्या घोरन्यात कुनाची व्हती झोप? पर मोजता येतंय मला."

आठवड्यानं पुन्हा तेच. या वेळी क्रांती चिडवत नव्हती.

"कडंला बसलेली असती, मॅडम. त्वांड भिंतीकडं. जवळ जाऊन बघावं तर तितं कुनीच न्हाई."

"काय करते?"

"वाट बघती. आनि काय करनार?"

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी तिसऱ्या ट्रेमध्ये एक अर्ज होता. रजेचा नेहमीचा छापील नमुना, पेन्सिलीनं भरलेला. नावाच्या रकान्यात 'महिला बराक, पंधरावी'. कारण: वडील अत्यवस्थ. वडिलांचं नाव: हरी जोतिबा, म्हणजे तात्यांचंच. पत्ता तिच्या गावच्या घराचा.

कुणाची तरी क्रूर थट्टा. तो कागद तिनं फाडायला हवा होता, निदान साहेबांपुढे तरी ठेवायला हवा होता. अक्षर कुणाचं आहे हे तिनं निरखून पाहिलं नाही. तिनं त्याला आवक क्रमांक दिला, समासात 'पडताळणी व्हावी' असा शेरा मारला आणि गावच्या पोलीस पाटलाच्या नावानं टपालात टाकला. आपण हे का करतोय ते तिला कळत होतं. जे तिला विचारता आलं नव्हतं, ते कागदानं विचारावं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. एका ओळीखाली एक, तीन उत्तरं.

समक्ष पाहिले.

शुद्धीवर आहेत. लेक निघाली का, विचारतात.

डॉक्टरांची आता गरज नाही.

खाली पोलीस पाटलाचा निळा शिक्का आणि वेळ, अकरा चाळीस. तिनं शिक्क्यावर अंगठा ठेवला. शाई ओली होती.

तिनं दार लोटून घेतलं आणि गावच्या पोलीस पाटलांना, हंबीररावांना, फोन लावला.

"काका, तुम्ही दाखला पाठवलात?"

"कसला दाखला? माझ्याकडं कागदच आला न्हाई."

"तात्यांचा."

"आगं पोरी," हंबीररावांचा आवाज खाली आला, "तात्यांना खांदा दिलाय मी."

"तुमचा शिक्का आहे त्यावर."



"शिक्का त्याच दिवशी गेला माझा. नोंदीचा कागद करायला आनला व्हता, तुमच्याच घरात इसरलो. मागनं तू कुलूप लावून गेलीस. दुःखात हायस, म्हनून इचारलं न्हाई."

दुपारी तिनं पंधरावीच्या अर्जावर आदेश टाइप केला. रजा मंजूर, दिवस सात. त्यावर स्वतःच्या रजेचा अर्ज ठेवला. जयराज साहेब नोव्हेंबरात बदलून आले होते. ती चिठ्ठी लावून देई तिथे ते सही करत. दोन्ही सह्या करून त्यांनी मान वर केली.

"घरी कुणी आजारी?"

"वडील."

"मग अजून इथं काय करताय, मॅडम? निघायचं ना."

"पडताळणी राहिली होती, सर. झाली आता."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती निघाली. कराडच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत चालली. खिडकीतून गुऱ्हाळाचा गोड धूर आत येत होता. अंगठ्याची शाई तिनं दोनदा साबणानं धुतली होती. ती गेली नव्हती.

कुलूप गंजलं होतं. दार उघडलं तेव्हा चार महिने बंद असलेल्या घराचा कुबट वास आला नाही. खिडकीच्या फळीवर हंबीररावांचा शिक्का होता आणि शेजारी शाईच्या पॅडची डबी, उघडी.

पर्समध्ये फोन वाजला.

"मॅडम, आज चौदा. पयल्या झटक्यात," क्रांती म्हणाली. "पर गेटच्या वहीत एक वाढीव अंगठा उठलाय. निळा. नाव न्हाई."

भार्गवीनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"सात दिसांनी तिला परत आत घ्यायची ना?"

"हो," भार्गवी म्हणाली. "नियम आहे."

तिनं फोन ठेवला.

तात्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर एक कप होता, बशीनं झाकलेला.

तिनं बशी उचलली.

आतल्या बाजूनं वाफेचे थेंब ओघळले आणि तिच्या निळ्या अंगठ्यावर पडले. गरम होते.